उणे दोनला सायकल काढावी का? आधी कालचं पाणी कुठे गेलं ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: ऑफिस सहा किलोमीटरवर आहे आणि रोजचं जाणं-येणं सायकलनेच. रात्री पाऊस पडून गेला, पहाटे आभाळ मोकळं झालं, मोबाइल उणे २ दाखवतोय आणि रस्ता नुसता ओला दिसतोय. ऑफिसातले दोघं-तिघं अशातही सायकलने येतात. मग जावं का? रोज सकाळी हे ठरवायचं कशावरून? आणि खिळ्यांचे टायर घेतले की प्रश्न मिटतो का?

त्या सकाळपुरतं उत्तर आधी देतो. साधे टायर असतील तर नाही. पण आठवडाभर पाऊस-बर्फ काही नाही, रस्ता कोरडा पांढुरका पडलाय आणि तापमान तेच उणे २, तर खुशाल जा. थंडी वाजेल, बाकी काही नाही. आकडा एक आणि उत्तरं दोन निघतात, कारण घसरायला होतं ते बर्फामुळे, आणि बर्फ व्हायला आधी पाणी लागतं. म्हणून मी सकाळी उठून तापमान बघण्याआधी एवढंच आठवतो: काल संध्याकाळी रस्त्यावर पाणी होतं का, आणि ते गेलं कुठे? वाऱ्याने सुकलं, गटारात वाहून गेलं, की जागच्या जागी गोठलं?

मोबाइलवरचा आकडा इथे दोन प्रकारे फसवतो. हवामान केंद्रातलं तापमान जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीत ठेवलेल्या उपकरणाने मोजलेलं असतं. रस्त्याचा पृष्ठभाग त्याहून बराच थंड असू शकतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता थेट आकाशात सोडते. ढगांचं पांघरूण असतं तेव्हा तसं होत नाही. त्यामुळे हवा अधिक २ किंवा ३ असताना डांबर शून्याखाली गेलेलं असणं अगदी नेहमीचं आहे. माझा कच्चा नियम असा: रात्र निरभ्र असेल आणि आकडा ४ च्या आत असेल, तर रस्ता गोठलेला असू शकतो असं धरून चालायचं. याउलट ढगाळ, वाऱ्याच्या रात्रीनंतर अधिक २ म्हणजे बहुतेक वेळा खरोखरच ओला रस्ता.

दुसरी फसवणूक ‘जाणवणारं तापमान’ या आकड्याची. उणे ५ मध्ये ताशी २० किलोमीटरचं वारं तोंडावर आलं की त्वचेला सुमारे उणे १२ इतकं बोचतं. सायकलस्वार हे वारं स्वतःच तयार करतो, त्यामुळे हातमोजे आणि कानटोपी ठरवायला तो आकडा उपयोगी. रस्त्याला मात्र वाऱ्याची थंडी वाजत नाही. हवा अधिक ३ असेल, तर वाऱ्यामुळे जाणवणारं तापमान उणे ३ झालं म्हणून पाणी गोठत नाही. उलट वारा रस्ता लवकर सुकवतो, म्हणून मला तो बोचरा वारा आवडतोच.

सगळ्यात थंड वेळ मध्यरात्र नसते, ती सूर्योदयाच्या आसपास असते, म्हणजे नेमकी ऑफिसला निघायची. आणि रस्ता सगळीकडे एकसारखा थंड होत नाही. पूल आणि उड्डाणपूल आधी गोठतात, कारण खालून जमिनीची ऊब नसते आणि दोन्ही बाजूंनी थंड हवा लागते. झाडांखालचा, उंच भिंतीच्या उत्तरेकडचा रस्ता दुपारीसुद्धा सुटत नाही. ओढ्याकाठचा सखल भाग थंड हवा साठवून ठेवतो. तुमच्या सहा किलोमीटरपैकी साडेपाच किलोमीटर निर्धोक असतील, पण निर्णय उरलेल्या अर्ध्या किलोमीटरवर घ्यायचा असतो. सरासरी रस्त्यावर कोणी पडत नाही. पडतात ते एखाद्या फुटलेल्या पन्हळीखाली.

आता एक गोष्ट, जी नव्या लोकांना उलटी वाटते. उणे १ उणे १२ पेक्षा वाईट. गोठणबिंदूच्या जवळ बर्फाचा वरचा थर ओलसर, सैल असतो, आणि त्यावर रबराची पकड जवळजवळ संपते. तापमान खूप खाली गेलं की बर्फ कडक, कोरडा होतो आणि पकड बरीच सुधारते. दाबून घट्ट झालेल्या हिमाचा थर उणे १० ला बूट करकरवत चालता येईल इतका धरतो. फिनलंडमधलं औलू हे शहर आर्क्टिक वृत्तापासून दोनशे किलोमीटरही दूर नाही, तरी तिथे लोक भर हिवाळ्यात शाळा-ऑफिसला सायकलने जातात. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये तिथेच भरली. त्या लोकांचा काटकपणा आहेच, पण सायकलमार्गांवरचा बर्फ तिथे वेळेवर खरवडतात, दाबून सपाट ठेवतात, वर बारीक खडी टाकतात, आणि हवा दिवसेंदिवस शून्याखालीच राहत असल्यामुळे तो थर टिकतो. जिथे दुपारी अधिक ३ आणि पहाटे उणे ३ असं रोज चालतं, तिथला सौम्य म्हणवला जाणारा हिवाळा सायकलला जास्त घातक. दिवसा वितळायचं, रात्री काचेसारखं गोठायचं, आणि मधल्या चाकोऱ्या तशाच कडक व्हायच्या.

या चाकोऱ्यांबद्दल जरा थांबून सांगायला हवं. ताजा, कोरडा, चार-पाच सेंटिमीटरचा बर्फ चांगल्या रस्त्यावर पडला असेल तर त्यात सायकल चालवणं मजेचं असतं. वेग कमी ठेवा, एवढंच. त्याखाली जुना गोठलेला थर असेल तर मात्र तोच देखावा सापळा होतो, कारण काही दिसतच नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाड्यांनी तुडवलेला चिखलबर्फ रात्रीत गोठून झालेला खडबडीत रस्ता. पुढचं चाक एखाद्या चाकोरीत अडकलं की हँडल तुमचं ऐकत नाही. इथे पकड असूनही उपयोग नसतो, दिशाच हातात राहत नाही. असा रस्ता दिसला तर मी उतरून ढकलतो, टायर कुठलेही असोत.

सायकलला बर्फाचं इतकं वावडं का, हे समजून घेतलं की बरेचसे निर्णय आपोआप सुटतात. सायकल उभी राहते ती पुढच्या चाकाच्या सततच्या बारीक दुरुस्त्यांमुळे. आपण डावीकडे झुकलो की नकळत हँडल डावीकडे वळवतो आणि चाक पुन्हा आपल्या वजनाखाली आणतो. या प्रत्येक दुरुस्तीला टायरची आडवी पकड लागते. मागचं चाक सरकलं तर सावरायला क्षणभर मिळतो. पुढचं सरकलं तर काहीच मिळत नाही. कळेपर्यंत कुल्हा जमिनीला लागलेला असतो.

थोडे आकडे बघा. कोरड्या डांबरावर रबराचा घर्षणगुणांक, म्हणजे पकड किती ते सांगणारा आकडा, साधारण ०.७, शून्याजवळच्या ओलसर बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही कमी. ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सव्वादोन मीटरमध्ये थांबता येतं. त्या बर्फावर जवळजवळ सोळा मीटर लागतात, तेही सायकल उभी राहिली तर. वळणाचं गणित आणखी कडक आहे. दहा मीटर त्रिज्येचं वळण ताशी १५ ने घ्यायला ०.१८ इतकं घर्षण हवं. ०.१ मिळत असेल तर ताशी ११ हीच मर्यादा, आणि तीही अगदी काठावरची, म्हणजे एखादं गटाराचं झाकण किंवा रंगवलेला पट्टा लागला की संपलं. म्हणून बर्फावर ‘सावकाश चालवा’ हा सल्ला अर्धवट आहे. सावकाश चालवा, पण वळायचं आणि थांबायचं काम बर्फ नसलेल्या जागी आटपून घ्या.

इथवर पडण्याची शक्यता किती हे झालं. माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न: पडलात तर काय होईल? एकट्या, रुंद सायकलमार्गावर ताशी बाराने पडलात तर बहुतेक वेळा कोपर खरचटतं, कुल्हा निळा पडतो. वाईटात वाईट, हात पुढे टेकला म्हणून मनगट मोडतं. तेच पडणं मागे बस असताना झालं तर बोलायलाच नको. आणि बर्फात मागच्या गाडीला थांबायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त अंतर लागतं, हे तिचा ड्रायव्हर विसरलेला असू शकतो. त्यात कडेला सारलेल्या बर्फाच्या ढिगामुळे रस्ता अरुंद होतो, तुम्ही गाड्यांच्या वाटेत ढकलले जाता, सकाळी अंधार असतो, काचा अर्ध्याच पुसलेल्या असतात. म्हणून माझा क्रम असा: वेगळा सायकलमार्ग असेल तर थोडा बर्फ मी चालवून घेतो. गाड्यांबरोबर चालवायचं असेल तर बर्फाचा नुसता संशयसुद्धा मला घरी बसवायला पुरतो.

यात गंमत अशी की गाड्यांचा रस्ता बहुतेक वेळा जास्त स्वच्छ असतो. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, पण नुसतं टाकून भागत नाही, ते बर्फात मिसळायला चाकांची रहदारी लागते, आणि सायकलमार्गावर ती नसते. शिवाय थंडी फार वाढली की मीठ लंगडं पडतं. मिठाचं पाणी सिद्धांताने उणे २१ पर्यंत द्रव राहू शकतं, पण उणे १० च्या खाली रस्त्यावरचं मीठ फार हळू काम करतं. त्यामुळे साफ पण धोकादायक रस्ता आणि सुरक्षित पण गोठलेला मार्ग यांतून निवडायची वेळ येते. तिसरा पर्याय लोक विसरतात: वळसा घालून, बसचा मार्ग असलेल्या मुख्य रस्त्याच्या समांतर, थोड्या रहदारीची आणि मीठ टाकलेली गल्ली. हिवाळ्याचा मार्ग उन्हाळ्याच्या मार्गापेक्षा वेगळा असावा. तो शोधायला एखादा कोरडा रविवार द्या.

पडल्यावर काय, याचं उत्तर माणसागणिकही बदलतं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, हाडं ठिसूळ झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल, गर्भारपण असेल किंवा मनगट नुकतंच जुळून आलं असेल, तर ‘बहुधा काही होणार नाही’ हा हिशेब तुमच्यासाठी नाही. मागे मूल बसवून बर्फावर सायकल काढायची नाही, यात मी कुठलाही अपवाद करत नाही. ऑफिसातल्या त्या दोघा-तिघांचंही असंच बघा: ते कुठल्या रस्त्याने येतात, कोणत्या टायरवर येतात, विचारलंत का? त्यांच्या दारापासून मीठ टाकलेला रस्ता असेल आणि तुमच्या दारापासून उताराची गल्ली, तर त्यांचं येणं हा तुमच्यासाठी पुरावा होत नाही.

आता टायर. खिळ्यांच्या टायरमध्ये रबरात टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाची टोकं बसवलेली असतात. साध्या पोलादाचे खिळे डांबरावर फार लवकर झिजतात, ते घेऊ नका. साधारण शंभरेक खिळ्यांचे टायर मिळतात आणि २४० किंवा त्याहून जास्त खिळ्यांचेही. कमी खिळेवाल्यांत ते दोन रांगांत असतात. सपाट बर्फावर सरळ जायला पुरतात, पण चाकोरीतून चढताना बाजूला खिळे नसल्याने टायर कडेवरून घसरतो. चार रांगांचे घ्या, फरक पैशापेक्षा मोठा आहे. दोन्ही टायरांचे पैसे एकदम निघत नसतील तर एक आधी पुढच्या चाकाला. कारण वर सांगितलंच आहे.

नवे टायर लावून थेट बर्फावर जायचं नाही. आधी ४० ते ५० किलोमीटर डांबरावर, जोरात ब्रेक न दाबता, एकदम उसळी न मारता चालवा. त्याने खिळे रबरात नीट बसतात. नाहीतर ते लवकर सैल होऊन उडू शकतात. बर्फ असेल तेव्हा हवा टायरवर लिहिलेल्या किमान आकड्याच्या जवळ ठेवा, म्हणजे टायर पसरतो आणि जास्त खिळे टेकतात. रस्ता कोरडा असेल तर हवा वाढवा. बाहेर थंडीत हवेचा दाब आपोआपही घटतो, त्यामुळे उबदार खोलीत मोजून भरलेली हवा बाहेर कमीच भरते.

खिळ्यांनी काय मिळतं? गुळगुळीत, सपाट, पारदर्शक बर्फ, म्हणजे साध्या टायरचा सगळ्यात मोठा शत्रू, हा प्रश्न जवळपास सुटतो. चाकोऱ्या सुटत नाहीत. खोल, साखरेसारखा भुसभुशीत बर्फ सुटत नाही. तिथे रुंद टायर आणि मजबूत मांड्या लागतात. कोरड्या डांबरावर आणि लोखंडी झाकणांवर तर खिळे साध्या रबरापेक्षा किंचित कमीच धरतात, आवाज करतात, आणि दर किलोमीटरला जास्त दम काढतात. आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत: खिळे टायरला असतात, बुटाला नाहीत. सिग्नलला सायकल झकास थांबते, तुम्ही पाय टेकता, आणि पायच निसटतो. स्थिर उभ्या सायकलवरून पडलेले लोक मी चालत्या सायकलवरून पडलेल्यांपेक्षा कमी पाहिलेले नाहीत. सीट बोटभर खाली घ्या, म्हणजे नुसता चवडा नव्हे तर पूर्ण तळवा सपाट टेकेल.

गोठणारा पाऊस, म्हणजे पडता क्षणी जमिनीवर गोठणारा, याला मात्र खिळे असूनही माझं उत्तर नाही असंच आहे. तुम्ही उभे राहाल, पण रस्त्यावरची इतर प्रत्येक गोष्ट घसरत असेल.

दारातून निघताना दोन मिनिटं द्या. सायकल आत ठेवूनच बाहेर या आणि बुटाचा तळ रस्त्यावर घासून बघा. उभ्या गाड्यांच्या काचांवर दहिवर आहे का, खड्ड्यातलं पाणी हलतंय की कडक झालंय, ते पाहा. दिव्याखाली रस्ता चकाकत असेल तर येणाऱ्या गाडीकडे बघा. रस्ता ओला असेल तर चाकांमागून तुषार उडतात आणि सळसळ ऐकू येते. चकाकतोय, पण ना तुषार ना आवाज, तर ते पाणी नाही. ही खूण अंधारातही चालते, म्हणून मला ती सगळ्यांत भरवशाची वाटते.

आणि चालवता चालवता एकदम बर्फ लागलाच तर? काहीही करू नका. ब्रेक नाही, वळण नाही, जोराचं पेडल नाही. हँडल सैल धरा, नजर लांब ठेवा, सायकलला आपल्या वेगाने पुढे जाऊ द्या. असे पट्टे बहुतेक वेळा काही मीटरचेच असतात. थांबावंच लागलं तर मागचा ब्रेक, हलक्या हाताने.

सायकलबद्दल मोजकंच. रिमवर बर्फाचा थर असला की रिम ब्रेक चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत काहीच धरत नाहीत, निघाल्यावर लगेच दाबून पुसून घ्या. डिस्क ब्रेक इथे सरस. वायरच्या आवरणात पाणी शिरलं असेल तर ब्रेक किंवा गिअर गोठून अडकतात. फ्रीव्हीलमधलं जुनं ग्रीस थंडीत घट्ट होतं आणि पेडल नुसतं गरगर फिरतं. पातळ तेलाने हे टळतं. बर्फ लागलेली सायकल उबेत नेऊन, वितळवून, न पुसता पुन्हा बाहेर उभी करू नका, सगळं गोठून एकजीव होईल. एकतर कायम थंडीत ठेवा, नाहीतर आत नेऊन पूर्ण वाळवा. मीठ चेन खातं, म्हणून आठवड्यातून एकदा तरी साध्या पाण्याने धुऊन, पुसून तेल. इ-बाइक असेल तर बॅटरी रात्री घरात आणि चार्जिंग घरातल्या तापमानालाच; शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर तिचं कायमचं नुकसान होतं. मोटर पुढच्या चाकात असेल तर बर्फावर मदत बंद ठेवा, ती नेमकं नको ते चाक फिरवते.

परतीचं कोणी धरत नाही. सकाळी रस्ता बघून निघालात, दुपारी ऊन पडलं, कडेचे ढीग वितळून पाणी रस्त्याच्या मधोमध आलं, आणि सहा वाजता अंधारात तेच पाणी गोठायला लागलं. जाताना साफ असलेला रस्ता येताना नसतो. म्हणून मी अशा दिवशी निर्णय एका फेरीचा घेत नाही. सायकल ऑफिसात रात्रभर ठेवता येईल का, परतीला बस आहे का, एवढं माहीत असेल तर सकाळी जायला हरकत नाही. सायकल परत आणलीच पाहिजे असं असेल, तर संध्याकाळचा अंदाज शून्याच्या कुठल्या बाजूला आहे त्यावर सकाळीच ठरवा.

तुमच्या सहा किलोमीटरसाठी मी असं करीन. पहिल्या थंडीच्या आधीच चार रांगांच्या खिळ्यांचे टायर लावून वसंतापर्यंत काढणार नाही. रोज बदलणं कोणाच्याने होत नाही. वाटेतला पूल आणि उताराची गल्ली टाळणारा रस्ता ठरवीन, मग तो सातआठ किलोमीटर झाला तरी चालेल. पूल टाळताच येत नसेल तर पुलापुरता उतरून, खडी किंवा गवत असलेल्या कडेने चालत जाईन. आणि ऑफिसात आधीच सांगून ठेवीन की हिवाळ्यात काही सकाळी अर्धा तास उशीर होईल. घाईत निघालेला माणूस रस्ता बघत नाही, घड्याळ बघतो, आणि दोन मिनिटांची ती तपासणी सगळ्यात आधी गळते.